एकतिसावा कप्पा

लांबच्या खोलीत ठेवलेल्या संगणकाचा पडदा वापरणाऱ्याच्या टेबलावर आणणाऱ्या आणि त्याने दाबलेली प्रत्येक कळ, हलवलेला प्रत्येक माऊस त्या दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. आणि त्या यंत्रावर अखंड जागा राहून येणाऱ्या प्रत्येकाला पडदा पुरवणाऱ्या प्रोग्रामला रिमोट डेस्कटॉप सर्व्हर म्हणतात. हा प्रोग्राम महिनोन्महिने बंद न होता चालतो, अनेकांचे काम एकाच वेळी सांभाळतो, आणि समोरच्याची ओळख पटण्याआधीच त्या अनोळखी माणसाने पाठवलेली माहिती त्याला वाचावी लागते. साध्या प्रोग्राममध्ये दिवसभर दडून राहणारी आणि संध्याकाळी यंत्र बंद केल्यावर विरून जाणारी मेमरीची चूक इथे साठत जाते, आणि एखाद्या क्षणी सर्वांचेच पडदे एकदम काळे करते. अशा कोसळण्यावरची दुरुस्ती पुष्कळदा दोन-चार ओळींची असते; मात्र त्या ओळी नेमक्या त्याच जागी का लिहाव्या लागल्या, याचे उत्तर प्रोग्रामच्या वंशावळीत शोधावे लागते. मेमरीचा दोष हा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा मानण्याची रीत आहे. रिमोट डेस्कटॉपचा इतिहास पाहिला तर निराळी गोष्ट दिसते: वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेली कामे जिथे एकमेकांना जोडली गेली, त्या सांध्यांवरच हे दोष वारंवार उगवलेले आहेत.

दोषाचे स्वरूप समजण्यासाठी आधी मेमरीचा व्यवहार समजून घ्यावा लागतो. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडवलेली सी ही भाषा यंत्राच्या अगदी जवळची आहे, आणि रिमोट डेस्कटॉपचे बहुतेक जुने सर्व्हर याच भाषेत किंवा तिच्यातून निघालेल्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहेत. या भाषेत प्रोग्रामला जागा हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते आणि काम संपल्यावर मोकळी करावी लागते. मिळालेल्या जागेचा पत्ता ज्यात लिहून ठेवतात त्याला पॉइंटर म्हणतात. जागा मोकळी केली तरी पॉइंटरमधला पत्ता आपोआप पुसला जात नाही. भाड्याची खोली सोडताना किल्लीची एक नक्कल खिशात राहून जावी, तसा तो राहतो. पुढे ती खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली आणि जुना भाडेकरू त्याच किल्लीने आत शिरला की जो घोटाळा होतो, त्याला या व्यवसायात ‘यूज आफ्टर फ्री’, म्हणजे सोडून दिलेल्या जागेचा वापर, असे नाव आहे. मागितलेल्या जागेपेक्षा जास्त लिहिले तर शेजारची माहिती बिघडते. त्या दोषाला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. दोन्हींत चूक घडण्याची वेळ आणि कोसळण्याची वेळ यांत अंतर असते, आणि दुरुस्ती करणाऱ्याची खरी अडचण या अंतरातच आहे. जिथे प्रोग्राम पडला तिथे चूक झालेली नसते; ती कुठेतरी आधी, बहुधा निराळ्याच फाइलमध्ये झालेली असते.

पडलेल्या प्रोग्रामची तपासणी करण्याची पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे, आणि तिच्या शब्दांत जुने यंत्र अजून शिल्लक आहे. कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे काही होते त्याची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवतात, तिला ‘कोअर डंप’ म्हणतात. यातला कोअर म्हणजे फेराइट या चुंबकीय पदार्थाचे मण्याएवढे कडे. १९५०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे संगणकाची मेमरी अशा हजारो कड्यांमधून बारीक तारा ओवून विणली जात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला आणि १९६०मध्ये कामाला लागलेला टिफ्रॅक हा संगणकही फेराइट कड्यांच्या मेमरीवरच चालत होता. कडी गेली, त्यांच्या जागी सिलिकॉनच्या चकत्या आल्या, पण युनिक्सच्या जगात कोसळलेल्या प्रोग्रामच्या मागे उरणाऱ्या फाइलचे नाव ‘कोअर’च राहिले. ही फाइल उघडून, कोणत्या फंक्शनने कोणत्या फंक्शनला हाक मारली ही साखळी शेवटापासून उलट वाचत जाणे, हे आजही दुरुस्तीचे पहिले पाऊल आहे.

दूरच्या यंत्रावर काम करण्याची कल्पना पडद्याच्या चित्रांआधीची आहे. एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांना वाटून देणारी टाइमशेअरिंगची पद्धत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१मध्ये दाखवून दिली. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून, मेन्लो पार्क येथील आपल्या प्रयोगशाळेतला संगणक माऊसने चालवून दाखवला. १९८४मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्समधील संस्थेत एक्स विंडो प्रणाली सुरू झाली. एक्समध्ये चित्र काढणारा सर्व्हर वापरणाऱ्याच्या टेबलावर असतो आणि प्रोग्राम दूरच्या यंत्रावर, त्यामुळे टेबलावरचे यंत्र बंद पडले की दूरचे कामही पडद्यासकट संपते. या उणिवेतून पुढच्या पिढीची दिशा ठरली.

तारेवरून येणारी माहिती प्रोग्रामला पाडू शकते, हे सर्वांसमोर ठळकपणे यायला १९८८चा शरद ऋतू उजाडावा लागला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या स्वतःच पसरत जाणाऱ्या प्रोग्रामने जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक ‘फिंगर’ नावाच्या सेवेतून जात होता. त्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटची जागा राखून ठेवली होती आणि वर्मने ५३६ बाइट पाठवले. चोवीस बाइटांच्या त्या जादा लिखाणाने सेवेचा ताबा गेला. त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठातील युनिक्सवर काम करत होते. पावसामुळे तारेत खरखर होऊन त्यांच्या आज्ञांत भलतीच अक्षरे मिसळत होती. त्याचे त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही, आश्चर्य वाटले ते त्या अक्षरांनी रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळत होते याचे. त्यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम निरर्थक अक्षरे तयार करून प्रोग्रामांना पाजण्याचे काम दिले, आणि १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात युनिक्सच्या तपासलेल्या प्रोग्रामांपैकी पाव ते एकतृतीयांश प्रोग्राम अशा माऱ्याने पडल्याचे दिसले. या पद्धतीला मिलर यांनी ‘फझ’ असे नाव दिले. दूरून काम करणाऱ्या एका माणसाच्या खराब तारेतून ती जन्मली आणि पुढे दूरस्थ सर्व्हरांचे दोष शोधण्याचे मुख्य हत्यार बनली. या दोन गोष्टींचे नाते इतिहासकारांनी अधिक ठळकपणे मांडायला हवे.

रिमोट डेस्कटॉपची पहिली मोठी शाखा इंग्लंडमधल्या केंब्रिजची. ऑलिव्हेटी रिसर्च लॅबोरेटरी या छोट्या संशोधन संस्थेत ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर यांनी व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग, म्हणजे व्हीएनसी, घडवले आणि १९९८मध्ये त्याविषयी लेख लिहून त्याचा सोर्स कोड खुल्या परवान्याखाली दिला. व्हीएनसीचे तत्त्व फार साधे होते. सर्व्हरने पडद्याचा बदललेला चौकोन उचलावा आणि ‘अमुक जागी हे ठिपके रंगवा’ एवढेच सांगावे. बघणाऱ्याने कळा आणि माऊसच्या हालचाली परत पाठवाव्यात. बघणाऱ्याकडे काहीच साठवलेले नसल्याने त्याचे यंत्र बंद पडले तरी काम जागच्या जागी राहते, आणि दुसऱ्या गावातून, दुसऱ्या यंत्रावरून अर्धवट वाक्य तिथूनच पुढे लिहिता येते. एक्सची उणीव अशी भरून निघाली. पण या सोयीची किंमत सर्व्हरने उचलली: बघणारे येतात-जातात आणि सर्व्हर राहतो, म्हणून प्रत्येक येण्या-जाण्यात मागितलेल्या आणि सोडलेल्या जागेचा सगळा हिशेब त्याच्याच माथी आला.

साधेपणा आणि खुला परवाना या दोन गुणांमुळे व्हीएनसीचा कोड झपाट्याने पसरला. केंब्रिजची प्रयोगशाळा २००२मध्ये बंद झाली, पण त्या सुमारास टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी आणि दुसऱ्या प्रोग्रामांत जोडता येईल असे लिबव्हीएनसीसर्व्हर हे ग्रंथालय अशा अनेक फांद्या फुटल्या होत्या. वारशात गुण येतात तसे दोषही येतात. रशियातील कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१९मध्ये व्हीएनसीच्या चार प्रसिद्ध रूपांमधले ३७ दोष जाहीर केले. त्यांतले २२ एकट्या अल्ट्राव्हीएनसीत होते, जवळपास सगळेच मेमरीच्या चुकीच्या वापराचे होते, आणि काही १९९९पासून तसेच पडून होते. जो कोड वीस वर्षे हजारोंच्या डोळ्यांसमोर उघडा होता, तो वाचला गेला नाही असे म्हणता येणार नाही. तो वापरासाठी वाचला गेला, संशयाने वाचला गेला नाही.

त्यांतल्या एका दोषाची दुरुस्ती जवळून पाहण्यासारखी आहे. लिबव्हीएनसीसर्व्हरमध्ये फाइल पाठवण्याची एक जादा सोय जोडलेली होती. बघणारा आधी चार बाइटांत ‘पुढे इतके बाइट येत आहेत’ अशी लांबी सांगतो, आणि सर्व्हर त्या लांबीत एक मिळवून तेवढी जागा मागतो. तो जादा एक बाइट मजकुराच्या शेवटी खुणेचे शून्य ठेवण्यासाठी. चार बाइटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. बघणाऱ्याने नेमकी हीच लांबी सांगितली तर त्यात एक मिळवल्यावर, स्कूटरच्या मीटरने ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यावे, तसे उत्तर शून्य येते. सर्व्हर शून्य बाइटांची जागा मागतो, ती मागणी बहुतेक प्रणालींवर मान्यही होते, आणि मग चारशे कोटींहून अधिक बाइट लिहिण्याच्या तयारीने तो तारेवरून वाचू लागतो. पहिल्या काही बाइटांतच शेजारची माहिती चिरडली जाते.

२०१८मध्ये केलेली पहिली दुरुस्ती एका ओळीची होती: बेरीज करण्यापूर्वी लांबीला ६४ बिटांच्या रुंद आकड्यात बदलावे, म्हणजे एक मिळवल्यावर ती ओलांडून शून्यावर येणार नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर बेरजेपुरती ही दुरुस्ती अचूक होती. ३२ बिटांच्या यंत्रावर मात्र जागा देणारे फंक्शन ३२ बिटांचाच आकडा स्वीकारते, आणि रुंद केलेली बेरीज त्याच्या हाती देताना पुन्हा छाटली जाऊन शून्यच होते. म्हणून दुसरी दुरुस्ती आली, जागा मागण्यापूर्वी हा आकडा त्या यंत्रावर मावतो का ते पाहणारी. तीही पुरली नाही, कारण तारेवरून वाचणारे पुढचे फंक्शन लांबी ऋण-धन चिन्हासह घेत होते, आणि त्याच्या दृष्टीने २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा ऋण ठरतो. तिसऱ्या दुरुस्तीने लांबीवर तीच मर्यादा घातली. दोषांच्या जागतिक यादीत या एका बेरजेसाठी तीन वेगवेगळे क्रमांक नोंदलेले आहेत, आणि नंतरच्या दोन्ही नोंदींत आधीची दुरुस्ती अपुरी असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तिन्ही दुरुस्त्या करणारे जाणकार होते. एकच आकडा तारेवर एका मापाचा, जागा मागताना दुसऱ्या मापाचा आणि वाचताना तिसऱ्या मापाचा असणे ही मुळातली अडचण होती, आणि ही तिन्ही मापे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी ठरवलेली होती.

याच ग्रंथालयात क्लिपबोर्डचा, म्हणजे एकीकडे नक्कल करून दुसरीकडे चिकटवायच्या मजकुराचा, दोषही याच जातीचा होता. बघणारा सांगेल ती लांबी सर्व्हर खरी मानत असे. त्यावर २०१८मध्ये घातलेला उपाय अधिक समंजस म्हणावा लागेल: दहा लाख ४८ हजार ५७६ बाइटांपेक्षा, म्हणजे एका एमबीपेक्षा, मोठा मजकूर घ्यायचाच नाही. यंत्रात काय मावते यापेक्षा माणसाला खरोखर किती लागते हा प्रश्न इथे विचारला गेला, आणि सबंध प्रकारची चूक एका अटीने दाराबाहेर राहिली.

असे दोष सापडू लागले यामागे साधनांचाही इतिहास आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९८७मध्ये पिक्सारमध्ये असताना ‘इलेक्ट्रिक फेन्स’ लिहिले. मागितलेल्या प्रत्येक जागेला लागून ते एक मनाई असलेले पान ठेवते, त्यामुळे एक बाइट जरी पुढे लिहिला तरी प्रोग्राम त्याच क्षणी पडतो. कोसळणे लवकर घडवून आणणे हाच इथे उपकार आहे, कारण चूक आणि पतन यांतले अंतर त्याने मिटते. ज्युलियन सिवर्ड यांनी २००२मध्ये आणलेले व्हॅलग्राइंड प्रत्येक बाइट वापरायोग्य आहे की नाही याची वेगळी नोंदवही ठेवते. त्यापायी प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालतो, पण आधी जागा कुणी मागितली, कुणी सोडली आणि नंतर कुणी हात लावला हे तिन्ही ओळींसकट सांगते. गूगलमध्ये घडलेल्या आणि २०१२मध्ये जाहीर झालेल्या अॅड्रेससॅनिटायझरने हीच कल्पना कोड तयार करतानाच आत विणली आणि वेगातली घट साधारण दुपटीवर आणली. फझचा मारा आणि सॅनिटायझरचा पहारा एकत्र आल्यावर वीस वर्षे दबलेले दोष थोड्याच दिवसांत वर येऊ लागले.

दुसरी शाखा विंडोजची, आणि तिची वंशावळ अधिक गुंतागुंतीची आहे. आयबीएममध्ये ओएस/टू प्रणालीच्या आराखड्याचे काम पाहिलेले एड आयकोबुची यांनी १९८९मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. एका माणसासाठी बनलेली प्रणाली अनेकांना एकाच वेळी वापरता यावी, हा तिचा उद्देश होता. १९९५मध्ये त्यांनी विंडोज एनटीवर बसवलेले विनफ्रेम आणले आणि आपल्या दूरस्थ पडद्याच्या रचनेला इंडिपेंडंट कम्प्युटिंग आर्किटेक्चर, संक्षेपाने आयसीए, असे नाव दिले. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने अनेक-वापरकर्त्यांचे हे तंत्र परवान्याने घेतले आणि १९९८मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती बाजारात आली. पडदा पाठवण्याचा प्रोटोकॉल मात्र मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सकडून घेतला नाही; तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या टी.१२० या मानकमालिकेवर बेतला. ही मालिका सभांसाठी होती. वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या माणसांनी एकच कागद पडद्यावर पाहावा, कुणी मध्येच यावे, कुणी निघून जावे, एका मार्गाने चित्र जावे, दुसऱ्याने फाइल, तिसऱ्याने गप्पा, यासाठी तिच्यात ‘चॅनल’ या अनेक समांतर वाटांची योजना होती. सभेसाठी घडवलेली ही रचना एका माणसाला एका यंत्राशी जोडण्यासाठी वापरली गेली, आणि चॅनलांतून आवाज, छपाई, क्लिपबोर्ड यांची ये-जा होऊ लागली.

विंडोजच्या गाभ्यात या चॅनलांचा हिशेब ठेवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव टर्मडीडी. त्यातल्या फंक्शनांची नावे आयसीए या सिट्रिक्सच्या तीन अक्षरांनी सुरू होतात, आणि ती फंक्शने ज्या चॅनलांना जोडतात त्यांतल्या एका अंतर्गत चॅनलचे नाव आहे एमएस_टी१२०. मायक्रोसॉफ्ट, सिट्रिक्स आणि दूरसंचार संघ या तिघांच्या पाऊलखुणा अशा रीतीने एकाच फाइलमध्ये, अगदी नावांतून, शाबूत आहेत. जुन्या वाड्याच्या भिंतीत वेगवेगळ्या काळच्या विटा ओळखू याव्यात तशा.

या सांध्यातून पहिला मोठा दोष २०११मध्ये वर आला. इटालियन संशोधक लुइजी ऑरिएम्मा यांना दिसले की, जोडणीच्या पहिल्याच संदेशात ‘जास्तीत जास्त किती चॅनल असतील’ हा जो सभेच्या काळातला आकडा असतो, तो पाच किंवा त्याहून लहान सांगितला तर जोडणी मोडताना सर्व्हर सोडून दिलेल्या जागेला हात लावतो आणि सबंध यंत्र निळ्या पडद्यासह कोसळते. सभेच्या मानकात या आकड्याला अर्थ होता. रिमोट डेस्कटॉपमध्ये कुठलाही प्रामाणिक प्रोग्राम इतका लहान आकडा पाठवत नसल्याने त्या वाटेने कधी कुणी गेलेच नव्हते. मायक्रोसॉफ्टने १३ मार्च २०१२ रोजी दुरुस्ती दिली, आणि थोड्याच दिवसांत यंत्र पाडणारा संदेश सर्वत्र फिरू लागला.

सात वर्षांनी त्याच सांध्यावर, टर्मडीडी ड्रायव्हरमध्ये, दुसरा दोष सापडला, आणि या लेखाचे शीर्षक त्याच्याच पोटातले आहे. विंडोजचा सर्व्हर प्रत्येक जोडणीसाठी कप्प्यांची एक मांडणी ठेवतो. बाहेरून जोडणी करणाऱ्या पाहुण्याला हवे ते चॅनल त्याने नावानिशी मागावे आणि सर्व्हरने ते एखाद्या कप्प्यात ठेवावे, अशी रीत आहे. एमएस_टी१२० हे चॅनल सर्व्हर स्वतःच, पाहुण्याने काही मागण्याआधी, उघडतो आणि एकतिसाव्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवतो. ते घरातल्या माणसांसाठी आहे. पाहुण्याने ते मागावे अशी कल्पनाच नव्हती, आणि म्हणून त्याने मागितले तर काय करावे हेही कुठे लिहिलेले नव्हते. पाहुण्याने आपल्या यादीत हेच सात अक्षरांचे नाव घातले, तर सर्व्हर नाव शोधतो, त्या नावाचे चॅनल आधीच आहे असे त्याला दिसते, आणि तो त्याच चॅनलचा पत्ता पाहुण्याच्या वाट्याच्या दुसऱ्या कप्प्यातही लिहितो. एका खोलीच्या दोन किल्ल्या झाल्या. आता पाहुण्याने त्या चॅनलवर चुकीच्या आकाराचा संदेश पाठवला की सर्व्हर नियमाप्रमाणे चॅनल बंद करतो, जागा मोकळी करतो आणि पाहुण्याच्या कप्प्यातला पत्ता पुसतो. एकतिसाव्या कप्प्यातला पत्ता पुसायचे त्याला कळत नाही, कारण दोन कप्पे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील हे या हिशेबात कधी धरलेलेच नव्हते. जोडणी संपताना तो एकतिसावा कप्पा आवरायला जातो आणि जिथे आता दुसराच कुणी राहतो त्या खोलीचे दार उघडतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने हा दोष मायक्रोसॉफ्टला कळवला आणि १४ मे २०१९ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. ती अशी: चॅनल कप्प्यात ठेवण्यापूर्वी त्याचे नाव एमएस_टी१२० आहे का ते ताडून पाहावे, आणि असेल तर पाहुणा काहीही म्हणो, ते एकतिसाव्या कप्प्यातच ठेवावे. किल्ली पुन्हा एकच झाली. रचना बदलली नाही, चॅनल काढून टाकले नाही, पत्त्यांचा हिशेब ठेवण्याची नवी पद्धत आणली नाही. दोन नावे ताडण्याची एक अट घातली. चालत्या सर्व्हरवर, कोट्यवधी यंत्रांवर एकाच दिवशी बसवायच्या दुरुस्तीने शक्य तितकी लहान असावे, ही शिस्त या व्यवसायाने फार सोसून कमावलेली आहे, आणि त्या कसोटीवर ही दुरुस्ती उत्तम ठरते.

दोष विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत होता. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांची देखभाल कंपनीने केव्हाच थांबवली होती, तरीही त्यांच्यासाठीही दुरुस्ती दिली गेली. दोनच वर्षांपूर्वी, मे २०१७मध्ये, वॉनाक्राय वर्मने ब्रिटनच्या इस्पितळांचे कामकाज ठप्प केल्याची आठवण ताजी होती. महिनाअखेरीस झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे साडेनऊ लाख यंत्रांवर ही दुरुस्ती अजून चढलेली नव्हती. सर्व्हरवर दुरुस्ती चढवायची म्हणजे तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, त्यासाठी ग्राहकाची परवानगी मिळवायची आणि वापर सर्वांत कमी असतो ती वेळ गाठायची. पुण्या-मुंबईत रात्रपाळीला बसून परदेशातील यंत्रे सांभाळणाऱ्या अभियंत्यांना या कामाचा ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण ज्या सेवेवर दुरुस्ती चढवायची त्याच सेवेतून त्यांना त्या यंत्रापर्यंत पोहोचायचे असते.

या दोषाला केव्हिन ब्यूमाँट या ब्रिटिश संशोधकाने ‘ब्लूकीप’ हे नाव दिले होते. हल्लेखोरांना गाठण्यासाठी त्यांनी मुद्दाम उघडी ठेवलेली यंत्रे ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस एकामागून एक कोसळू लागली, आणि मार्कस हचिन्स या दुसऱ्या संशोधकाने त्यांची मेमरीची नक्कल वाचून आत ब्लूकीपचा मारा असल्याचे दाखवले. हल्ला यशस्वी झाला असता तर यंत्रे शांतपणे चालत राहिली असती आणि परक्याचे आभासी चलन कमावत बसली असती. ती पडली म्हणून हल्ला उघडकीस आला. पडण्याचे कारणही बोलके होते. २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधील दोषावर विंडोजने केलेल्या उपायाने गाभ्याच्या मेमरीची मांडणी बदलली होती, आणि हल्ल्याच्या कोडला ती बदललेली मांडणी ठाऊक नव्हती. एका दोषाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचा गैरवापर अडखळला.

त्याच २०१९च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या मॅट मिलर यांनी जाहीर केले होते की, कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा-दोषांवर दुरुस्ती देते त्यांतले सुमारे ७० टक्के मेमरीच्या वापराचे असतात. रस्टसारख्या भाषा, ज्यांत प्रत्येक जागेचा मालक एकच असतो आणि जुनी किल्ली खिशात राहूच दिली जात नाही, त्या आकड्याला खरे उत्तर आहेत, आणि रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल रस्टमध्ये नव्याने लिहिण्याचे प्रयत्नही सुरू झालेले आहेत. एमएस_टी१२० हे नाव पाहुण्याने मागावे की नाही, हा प्रश्न मात्र कुठलीही भाषा आपण होऊन विचारणार नाही. तिच्यामुळे दुसरी किल्ली निघणार नाही इतकेच.

विंडोज ८ आणि १० यांत ब्लूकीप नव्हता, त्यामुळे नव्या आवृत्त्या सुटल्या असा समज मे महिन्यात पसरला होता. १३ ऑगस्ट २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच तपासणीत सापडलेले नवे दोष जाहीर केले, आणि ते विंडोज १० मध्येही होते. चॅनलवरून येणारी दाबून लहान केलेली माहिती उलगडण्यासाठी सर्व्हर जागा मागत असे. मूळ माहिती किती मोठी होती तो आकडा पाहुणा सांगे, आणि सर्व्हर त्यात ८,१९२ मिळवून तेवढी जागा घेई. पाहुण्याने चार बाइटांत मावेल इतका मोठा आकडा सांगितला की बेरीज शून्यापाशी परत येत होती.